आईच्या दाबाच्या कुड्या: उजवी गळते, डावी चावते

मोगरी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. विषय लहान आहे, पण घरात रोज निघतो म्हणून धागा काढतेय.

आईचं वय ७४. लग्नात मिळालेले सोन्याचे झुमके तिने वेल न लावता वर्षानुवर्षं वापरले. भोकं ओघळत गेली. दोन वर्षांपूर्वी केस पुसताना उजवा झुमका टॉवेलात अडकला आणि कानाची पाळी खालपर्यंत चिरली. टाके घालून पुन्हा टोचून घ्यायला ती तयार नाही. "या वयात कानाला सुई नको," एवढंच म्हणते. मग मागच्या दिवाळीत तुळशीबागेतून दाबाच्या कुड्या आणल्या. मोत्यांचं फूल, मधे लाल खडा, मागे पितळी क्लिप. आईला मनापासून आवडल्या. भुंड्या कानांनी चारचौघांत जायचं ती टाळायला लागली होती, ते थांबलं.

अडचण अशी की उजवी कुडी अर्ध्या तासात घसरते. मागच्या आठवड्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर पडली, मागून येणाऱ्या एका मुलीने उचलून दिली. डावी उलट इतकी करकचून बसते की तासाभरात पाळी लालभडक होते. मग आई ती काढते आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवते.

मी घरातली मोठी पक्कड घेऊन उजवीची क्लिप दाबली. घट्ट तर झाली नाहीच, पितळेवर दातांचे वळ उठले आणि एक मोती सुटून हातात आला. तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावला, तर त्याच्याभोवती पांढरट धुकं धरलंय. एका दुकानात दाखवल्या. "याची दुरुस्ती नसते, नवीन जोड घ्या," म्हणाले. आईला नवीन जोड नको आहे.

२७ तारखेला भाचीचं लग्न आहे. तोवर त्या दिवसभर घालता येतील अशा करता येतील का? मला हाताने काम करायची तयारी आहे, फक्त नेमकं काय करायचं ते कळत नाहीये.

जुनी_पेटी | ११ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मोगरी, आधी ती पक्कड कपाटात ठेव. :) क्लिप घट्ट-सैल करायला ताकद लागत नाही, कुठे हात लावायचा ते कळावं लागतं. मी पंधरा वर्षं जुन्या बाजारातून मोडकी कानातली आणून दुरुस्त करतेय. त्यावरून सांगते.

न टोचलेल्या कानांसाठी आधी मळसूत्राची कानातली होती. मागून एक बारीक फिरकी फिरवत आणायची आणि तिचं चपटं टोक पाळीला टेकवायचं. चटकन उघडणारा चाप त्यानंतर, १९३०च्या दशकात रूढ झाला. तुझ्या कुड्यांना तो चापच असणार. हल्ली दोन्ही एकत्रही मिळतात, म्हणजे चाप आहेच आणि त्यात एक छोटी फिरकी. शक्य असेल तेव्हा तसलीच घ्यावीत, कारण कान बघून जुळवता येतात.

आता कुडी उलटी करून उजेडात धर. मागे तीन गोष्टी दिसतील. एक, कुडीला चिकटलेला इंग्रजी यू सारखा कणा. दोन, त्यात बिजागरीसारखी हलणारी पट्टी, तो चाप. तीन, चाप उघडलास की त्याच्या टाचेखाली कण्यातूनच कापून वर उचललेली एक बारीक जीभ दिसेल. बोटाच्या नखाएवढीही नसते. चाप 'टक्' करून मिटतो ना, तो या जिभेमुळे. ती चापाच्या टाचेला सतत रेटत असते. म्हणून चाप एक तर पूर्ण उघडा राहतो नाही तर पूर्ण मिटतो, मधे लटकत नाही.

मिटताना 'टक्' होत नसेल, चाप लुळा पडत असेल, तर जीभ बसली आहे. चाप उघडा ठेवून, चष्म्याचे स्क्रू फिरवायचा बारीक स्क्रूड्रायव्हर जिभेखाली घालायचा आणि केसभर वर उचलायचं. केसभर म्हणजे खरोखर केसभर. मग मिटून बघायचं.

'टक्' चांगलं होतंय तरीही घसरते, तर जिभेला हात लावू नकोस. तिथे चापाचा बाक बिघडलाय. तुझ्या कुड्यांचं यातलं काय आहे ते आधी सांग.

टूलरूम_निवृत्त | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

जुनी_पेटी यांनी छान सांगितलंय. मी भोसरीत साचे आणि फिक्स्चर बनवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे मला धातूच्या बाजूने थोडं बोलायचं आहे.

पितळ वाकवलं की त्या जागी कडक होतं. पुन्हा उलट वाकवलं की आणखी कडक. असं चार-पाच वेळा मागे-पुढे केलंत की एक दिवस सूचना न देता तुटतं. त्यामुळे 'थोडं वाकवलं, जास्त झालं, परत सरळ केलं' हा खेळ अजिबात करू नका. थोडं कमीच वाकवा, घालून बघा, लागलं तर त्याच दिशेला आणखी थोडं.

दुसरं, कुडीचा कणा ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा असेल तर तो वाकतच नाही, सरळ मोडतो. ओळख अशी: ओतीव भाग जाडसर आणि कडा गोलसर असतात, पत्र्याचा भाग पातळ आणि कापीव कडांचा. वाकवायचा तो पत्र्याचा चाप, ओतीव भाग नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तुम्ही पक्कड बिजागरीवर लावलीत का? तसं असेल तर बिजागरीची भोकं लंबगोल झाली असतील. चाप वाकवताना बिजागरीजवळचा भाग एका चपट्या, बिनदातांच्या पकडीने घट्ट धरायचा आणि त्याच्या पुढचा भाग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ढकलायचा. बिजागरीवर भार येता कामा नये. बिनदातांची पक्कड नसेल तर आहे त्या पकडीच्या दोन्ही जबड्यांना कापडी मेडिकल टेपचे दोन-दोन वेढे द्या, वळ उठणार नाहीत.

आणि काहीही वाकवायच्या आधी एक प्रयोग करा. दोन्ही कुड्यांची अदलाबदल करा. डावीची उजव्या कानात, उजवीची डाव्या कानात, आणि आईंना तासभर घालू द्या. दोष कुडीबरोबर गेला तर तो कुडीत आहे. कानातच राहिला तर कुडीत काही बिघडलेलंच नाही. यंत्र बिघडलं की आम्ही पहिल्यांदा हेच करायचो.

सायली_की_जुई | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०४

वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच. अदलाबदलीचं दोघींनाही सुचलं नव्हतं.

मोगरी | १२ नोव्हेंबर, रात्री ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रयोग केला. दोष कानात राहिला!

डावी कुडी उजव्या कानात घातली तर तीही पाऊण तासात सरकायला लागली. उजवी, म्हणजे मी पकडीने दाबलेली, डाव्या कानात घातली तर दहा मिनिटांत आई म्हणाली, "काढ गं, ठणकतंय." 'टक्' दोन्हींचं स्वच्छ आहे, जिभा शाबूत आहेत. कणा ओतीव वाटतो, चाप पत्र्याचा. नशिबाने मी चापाच्या टोकाला दाबलं होतं, बिजागरीला नाही.

म्हणजे वर्षभर मी कुड्यांना दोष देत होते आणि फरक आईच्या दोन कानांत आहे. आता पुढे काय?

टूलरूम_निवृत्त | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

आता मापं घ्या. घरात जुनी लग्नपत्रिका असेल, जाड कागदाची. तिच्या कडेला पट्टीने आखून कात्रीने ३, ४, ५ आणि ६ मिलिमीटर रुंदीच्या चार खाचा कापा. प्रत्येक खाच पाळीवर खालून वर सरकवा, जिथे कुडी बसते तिथपर्यंत. पाळी न दबता, न खरवडता जी खाच जेमतेम बसते तेवढी त्या पाळीची जाडी. दोन्ही कानांची वेगळी लिहून ठेवा.

मग शाळेचं पांढरं खोडरबर घ्या आणि ब्लेडने बरोबर त्या जाडीचे दोन काप काढा. हे तुमचे नकली कान. आईंना दर वेळी बसवून ठेवायला नको, कुडी कापावर लावून बघायची. कुडी लावून काप उलटा धरून हलवला तर पडू नये, आणि पाच मिनिटांनी काढली तर रबरावर खोल वळ राहू नये. या दोन्हींच्या मधे कुठेतरी बरोबर माप आहे.

त्वचेचं_बोला | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, लांबून जेवढं सांगता येतं तेवढं सांगते.

मोगरी, तुमच्या आईंची उजवी पाळी खालपर्यंत चिरलेली आहे. म्हणजे तिथे पाळीच्या दोन स्वतंत्र पाकळ्या झाल्या आहेत. क्लिप जर बरोबर चिरेवर बसत असेल तर चापाखाली दोन्ही पाकळ्या आजूबाजूला सरकतात आणि मधे पोकळी राहते, पकडायला काही उरत नाही. कुडी घसरण्याचं अर्धं कारण इथेच असू शकेल. ती चिरेच्या पुढच्या, म्हणजे गालाकडच्या पाकळीवर लावून बघा. ती रुंद असेल तर फरक पडेल. चिरेच्या दोन्ही बाजूंना ताण येईल अशी मात्र लावू नका.

दुसरं, लाल होणं दोन प्रकारचं असतं. काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मावळलं तर तो दाब. दुसऱ्या दिवशीही खाज, बारीक पुळ्या, पाणी येणं राहिलं तर ती बहुधा निकेलची अ‍ॅलर्जी. स्वस्त दागिन्यांच्या मुलाम्याखाली निकेल असतं. युरोपात त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल सुटावं यावर १९९४ साली कायद्याने मर्यादा घातली: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. इतक्या कमी प्रमाणातही त्रास होणारे लोक असतात म्हणून. खाजेचा प्रकार असेल तर चापाला मऊ गादी चिकटवणं, नेलपॉलिशचा हात देणं वगैरे तात्पुरतं आहे, निकेल नसलेली क्लिपच हवी.

पाळी हिरवट-काळी होणं वेगळं. ते तांब्याचं काम, घामाने होतं. साबणाने धुतलं की जातं, घाबरायचं कारण नाही.

आणि आईंना टाक्यांची भीती आहे ती समजते. तरी एवढंच सांगते की चिरलेली पाळी जोडणं ही जागेवर बधिर करून होणारी छोटी शस्त्रक्रिया आहे, त्याच दिवशी घरी जाता येतं. निर्णय त्यांचा, पण त्यांना माहिती असू दे.

ताशा_तर्रार | १३ नोव्हेंबर, दुपारी १:१२

धाग्यात थोडं शिरून विचारतो. आम्ही ढोलपथकातली मुलं मिरवणुकीत दाबाची भिकबाळी घालतो. दोन तास ढोल वाजवला की घामाने सटकते. या वर्षी लक्ष्मी रोडवर माझी गेली ती गेलीच, सापडणं शक्य नव्हतं. ती घट्ट करायला हीच पद्धत चालेल का?

त्वचेचं_बोला | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

नाही, कृपया घट्ट करू नका. भिकबाळी कानाच्या वरच्या भागावर असते, तिथे पाळीसारखं मांस नाही, कूर्चा आहे. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला वरच्या त्वचेकडून पोषण मिळतं. तो भाग तासन् तास दाबला गेला तर इजा भरून यायला फार वेळ लागतो, कधी कानाचा आकारही बिघडतो. पाळीवर जेवढा दाब चालतो त्याच्या निम्मासुद्धा तिथे नको.

जुनी_पेटी | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

ताशा, घट्ट करण्याऐवजी बांधून ठेव. भिकबाळीच्या तारेला वरून केसांच्या रंगाचा मजबूत दोरा गाठव आणि तो कानामागून फिरवून फेट्याच्या आतल्या पट्टीला सेफ्टी पिनने अडकव. कानावरून सटकली तरी दोऱ्याला लटकेल, रस्त्यावर जाणार नाही. तारेच्या आतल्या बाजूला कापडी मेडिकल टेपचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा लाव. गुळगुळीत धातू घामावर सरकतो, कापड सरकत नाही.

दाबाच्या नथीलाही हेच. तिचा दाब म्हणजे नुसता तारेचा बाक असतो. तो बोटांनी जुळवायचा, पकडीने कधीच नाही, नाही तर तारेला कोन पडतो आणि तो कोन नाकात टोचतो.

मोगरी | १३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

लग्नपत्रिकेच्या खाचा कापल्या. आई हसत होती, पण शांत बसली. उजवी पाळी ३, डावी ५! डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसंच आहे. मी वर्षभर उजवी कुडी अगदी चिरेवर लावत होते, कारण फूल 'मधोमध' दिसावं असं वाटायचं. पुढच्या पाकळीवर लावली तर तेवढ्यानेच बराच फरक पडला, पण झोके घेते.

खोडरबराचे काप केले. मिटलेल्या कुडीत खडा आणि चाप यांच्यामधे साधारण ३ मिलिमीटरची फट आहे, दोन्हींत सारखी. उजव्या पाळीला ती जेमतेम टेकते, डावीला चिरडते.

टूलरूम_निवृत्त | १३ नोव्हेंबर, रात्री १०:००

तुमच्या या एका आकड्यात सगळं आलं. दुकानातली कुडी अशा कानासाठी बनलेली असते जो कुणाचाच नसतो. तुम्हाला चाप घट्ट किंवा सैल करायचा नाही, ज्या त्या पाळीच्या जाडीला जुळवायचा आहे. मिटल्यावरची फट पाळीपेक्षा साधारण १ मिलिमीटर कमी हवी. म्हणजे उजवीची २, डावीची ४.

उजवी: टेप गुंडाळलेल्या पकडीने बिजागरीजवळ धरा आणि चापाचं टोक आत ढकला. एकदाच.

डावी: तसंच धरून टोक बाहेर ढकला. फार नाही. मग खोडरबराच्या कापावर लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी फट पुन्हा मोजा. पितळ थोडं मागे येतं, ते किती आलं ते सकाळी कळेल.

जुनी_पेटी | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

वाकवून झालं की मागून गादी लाव. चापाचं टोक लहान असतं, सगळा दाब तांदळाएवढ्या जागेवर पडतो. म्हणून ठणकतं. तोच दाब मोठ्या जागेवर पसरला की जाणवतही नाही. चष्म्याच्या दुकानात फ्रेमच्या नाकाजवळ चिकटवायच्या पारदर्शक सिलिकॉनच्या गाद्या मिळतात, एका जोडीत काम होतं. कात्रीने चापाच्या आकाराची काप. आधी चाप स्पिरिटने पुसून कोरडा कर, नाही तर तेलकट पितळेवर चिकट टिकत नाही. गादीची जाडी फटीतून वजा होते हे विसरू नकोस, १ मिलिमीटरची गादी लावलीस तर उजवीला आत वाकवायची गरजच पडणार नाही. तिथे फक्त गादी पुरेल असं मला वाटतं.

झोके घेण्याचं म्हणशील तर कुडीचं वजन पुढे आहे आणि पकड वर आहे. क्लिप पाळीत थोडी वर सरकवून लाव, पाळीची कड अंगठ्याने ताणून धरायची आणि मग मिटायची. तरी झुकली तर वेल लाव. आपल्या आज्यांनी मोत्याचे वेल उगीच नाही लावले. वेल कानावरून केसांत अडकवला की अर्धं वजन केस घेतात. आईने झुमक्यांना वेल लावले असते तर कान वाचले असते, हे तिला आता सांगू नकोस, तिला ते माहीत आहे.

सोनारआळी | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

घरात सोनारकाम चालतं म्हणून सुटलेल्या मोत्याबद्दल.

पांढरं धुकं धरलं ते त्या गोंदाच्या वाफेने. तो गोंद कडक पण ठिसूळ असतो, कानातल्यांना दिवसभर बारीक धक्के बसतात, पुन्हा सुटेल. तो काढायला नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच लावू नका. गोंद विरघळेल, पण तुळशीबागेतल्या मोत्यावरचा चकचकीत थरही विरघळेल आणि खाली दुधी प्लास्टिक नाही तर काच उरेल. टूथपिकने हळूहळू खरवडा.

मग दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या. कागदावर दोन्ही समान, मुगाच्या दाण्याएवढं, दोन मिनिटं नीट घोटा. बसायची जागा बारीक पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करा. टाचणीच्या टोकावर गोंद घेऊन खळगीत लावा, मोती ठेवा. कुडी सपाट राहत नाही म्हणून वाटीत तांदूळ घ्या आणि कुडी त्यात तोंड वर करून रोवून ठेवा. रात्रभर हात लावू नका. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सीही मिळतो, पण मला रात्रभराचा जास्त भरवशाचा वाटतो.

मोती खरे असतील तर मात्र गोंद नको आणि डाग, म्हणजे धातू तापवून सांधणंही नको. उष्णतेने मोती जळतो, डाग द्यायचा तर आधी मोती उतरवावे लागतात. खऱ्या कुडीत मोती तारेत ओवलेले असतात, ते काम सोनाराचंच.

सायली_की_जुई | १४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

सोनारआळी, मग मोगरीच्या आईचे ते सोन्याचे झुमके दाबाचे करून मिळतील का? आमच्याकडेही एक जोड नुसता डब्यात आहे.

सोनारआळी | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

मिळतील, पण दोन गोष्टी आधी बघा. वजन: एका झुमक्याचं वजन स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर करून या. दाबाची पकड फार वजन पेलत नाही, जड झुमका असेल तर वेलाशिवाय करू नये असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. आणि धातू: २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, ते इतकं नरम असतं की त्याचा चाप वाकला की वाकलेलाच राहतो, उसळून परत येत नाही. म्हणून चापाचा भाग १८ कॅरेटमधे, म्हणजे ७५ टक्के सोन्यात करून घ्यावा. रंगात थोडा फरक दिसेल, पण तो मागच्या बाजूला असतो. हे दोन्ही आधी स्पष्ट बोलून, पावतीवर लिहून घ्या.

नीरेकाठी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

माझ्याकडे आजीची मळसूत्राची आहेत. फिरकी फिरवून बसवते, पण चालताना आपोआप उलगडत जाते. आटे झिजलेत का?

जुनी_पेटी | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

बहुतेक वेळा झिजलेले नसतात, मळलेले असतात. सत्तर वर्षांची पावडर आणि तेल त्या आट्यांत बसलेलं असतं. फिरकी पूर्ण बाहेर काढ, जुन्या मऊ टूथब्रशने कोरडीच घास, मग आट्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात दे. पूर्ण वाळू दे, ओलं असताना फिरवलीस तर चिकटून बसेल. त्या थरामुळे फिरकी थोडी जड फिरते आणि जिथे सोडशील तिथे थांबते. काही महिन्यांनी थर झिजतो, पुन्हा द्यायचा.

मोगरी | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

सामान कुठे मिळेल ते लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. बारीक टोकाची बिनदातांची पक्कड तपकीर गल्लीत मिळाली, इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची असते ती. मणी-खड्यांच्या दुकानांत रविवार पेठेत सुटे चापही मिळतात, जास्तीचे चार आणून ठेवले. सिलिकॉनच्या गाद्या घराजवळच्या चष्म्याच्या दुकानात.

उद्या रविवार, उद्या बसते.

मोगरी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

झालं!

डावीपासून सुरुवात केली. बिजागरीजवळ धरून चापाचं टोक अंगठ्याने बाहेर ढकललं. मला वाटलं होतं जोर लागेल, पण नखाने चिंचेचं बोटूक वाकवावं तेवढंच लागलं. ५ मिलिमीटरच्या खोडरबरावर लावून ठेवली. उजवीला जुनी_पेटी म्हणाल्या तसं आधी काहीच वाकवलं नाही, फक्त गादी लावली. खोडरबराचा काप उलटा करून दहा वेळा झटकला, पडली नाही. मोती टूथपिकने सोडवला, त्याला अर्धा तास गेला. आत्ता कुडी तांदळाच्या वाटीत देवघराशेजारी बसली आहे.

मोगरी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आज आईने सकाळी नऊला घातल्या. दोन्हींच्या चापावर आतून खूण केली आहे, डावीला लाल नेलपॉलिशचा ठिपका, नाही तर पुन्हा अदलाबदल व्हायची. दर दोन तासांनी मी काढून पाळी बघत होते. अकराला डावी थोडी गुलाबी, दहा मिनिटांत मावळली. दुपारी झोपताना काढल्या. संध्याकाळी मंडईत भाजीला घालून गेली, परत आली तेव्हा दोन्ही कानात होत्या. आल्या आल्या आरशात बघून म्हणाली, "मी वाटेत एकदासुद्धा चाचपून बघितलं नाही."

टूलरूम_निवृत्त | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

फार बरं वाटलं वाचून. लग्नाच्या आधी एकदा फट पुन्हा मोजा.

त्वचेचं_बोला | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:००

छान. लग्नात मधे एकदा तरी पंधरा मिनिटं काढा, जेवताना चालेल. रात्री कधीच घालून झोपू देऊ नका.

मोगरी | २९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

लग्न पार पडलं. फट आदल्या रात्री मोजली होती, डावी ४, उजवी गादीसकट २. सकाळी सातला कार्यालयात पोचलो, चारला निघालो. मधे जेवताना काढल्या, डब्यात कापसावर ठेवल्या आणि परत घातल्या. उजवीला एका बाजूने वेल लावला होता, फोटोंत तो फार सुंदर दिसतोय. डॉक्टर, आईने स्वतःहून विचारलं, ती पाळी जोडायची शस्त्रक्रिया किती वेळाची असते. लगेच "नुसतं विचारतेय" असंही म्हणाली. मी काही बोलले नाही, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवणार आहे.

आणि नीरेकाठी, तुमच्यासाठी: कार्यालयात आईच्या एका मैत्रिणीने कुड्यांची चौकशी केली. तिच्याकडेही मळसूत्राची आहेत, तीही उलगडतात. परवा घेऊन येणार आहे. टूथब्रश आणि नेलपॉलिश काढून ठेवलंय.